वासरू खुशाल आहे

हळद शिजायला लागली की आमच्याकडची हवाच बदलते. मी सांगलीत हरिपूरच्या बाजूला राहतो. नदीपलीकडच्या मळ्यांतून तो वास येतो, कडवट, उबदार, ओल्या मातीत काहीतरी भाजल्यासारखा. पुढे महिनाभर बाजारात पोती येत राहतात, हमालांच्या पाठी पिवळ्या होतात, रस्त्यावरची धूळसुद्धा पिवळी उडते. लोकांना म्हणे हा वास शुभ वाटतो, घरात लग्न निघाल्यासारखं वाटतं. मला मात्र त्या वासाबरोबर दगडी पाट्या आठवतात आणि दिवसभर कशातच मन लागत नाही.

यंदा त्यात शेजारच्या पोरीची भर पडली. तिचा बाप कुपवाडला कारखान्यात जातो. सकाळी त्याची मोटारसायकल सुरू झाली की आमची गल्ली जागी होते. पोरगी तिसरीत आहे. मी जुना मास्तर, म्हणून ती वही घेऊन माझ्याकडे येते. परवा तिला शाळेतून लिहायला दिलं होतं : गोष्ट वाचून तुला काय वाटले ते लिही. मी म्हटलं, लिही की मग, काय वाटलं तुला? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला विहिरीत उतरायला सांगितलं. मग घरी पळाली आणि थोड्या वेळानं लिहून घेऊन आली. "मला ही गोष्ट खूप आवडली. या गोष्टीतून आपल्याला चांगला बोध मिळतो." आईनं गाइडमधून सांगितलं होतं. अक्षर सुरेख होतं. मी वही मिटून तिच्या हातात दिली, छान म्हटलं, आणि ती गेल्यावर उगीचच घरातल्या माणसांवर चिडलो.

चिडायचं कारण त्या पोरीत नव्हतं. हे वाक्य मी पूर्वी वाचलेलं होतं. फक्त तेव्हा त्याचे शब्द वेगळे होते.

लढाईचे दिवस होते. मी नुकताच मास्तर झालो होतो आणि पलूसच्या अलीकडच्या एका गावात मला तिसरीचा वर्ग दिला होता. शाळा धर्मशाळेत भरायची. एका अंगाला पहिली-दुसरी, दुसऱ्या अंगाला तिसरी-चौथी, मधे एक बारदानाचा पडदा, आणि त्या पडद्यातून दोन्हीकडचे पाढे एकमेकांत मिसळायचे. हेडमास्तर चौथीला असत. पोरं शेतकऱ्यांची. ज्याच्या घरी कुणी लष्करात नाही असं पोर शोधावं लागे. कुणाचा बाप, कुणाचा चुलता, कुणाचे दोन-दोन भाऊ. ती माणसं कुठं आहेत ते गावाला नीट ठाऊक नसायचं. कुणी इजिप्त म्हणे, कुणी ब्रह्मदेश, आणि म्हाताऱ्या बायका लढाईच्या सगळ्याच मुलखांना सरसकट लाम म्हणत.

हळदीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा होई. खणलेल्या गड्ड्यांची हळकुंडं मोडून वेगळी करायचं काम लहान हातांचं, त्यामुळे पोरं पहाटेपासून मळ्यात आणि ऊन चढल्यावर शाळेत. त्यांची बोटं पिवळी असत. नखांच्या कडा तर चैत्र सरला तरी पिवळ्याच राहायच्या. थुंकी लावून पाटी पुसली की काळ्या दगडावर पिवळट ओघळ उतरत. पाटीच्या लाकडी चौकटीच्या शिरांत तो रंग शिरून बसे आणि मग कशानंही निघत नसे. मी सुरुवातीला हात धुऊन या म्हणून ओरडायचो. नंतर सोडून दिलं.

त्या हंगामात मी एक खूळ डोक्यात घेतलं. धडा वाचून झाला की तात्पर्य पाठ करून घ्यायची रीत होती. पोरं डोलत डोलत तात्पर्य म्हणत आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्या आत शिरत नसे. मला कंटाळा आला होता. वय कमी होतं, आणि आपण काहीतरी वेगळं करून दाखवू अशी रगही होती. मी सांगितलं, आजपासून धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि तो वाचून जे मनात आलं ते पाटीवर लिहायचं. हेडमास्तरांनी शेजारच्या चौथीतून ऐकलं. ते वाईट नव्हते. दिपोटीसाहेब तपासणीला आले की तात्पर्यच विचारतात, एवढं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि आपल्या वर्गात गेले.

पहिला धडा मुंग्यांचा होता. पाट्या गोळा केल्या आणि मी हसावं की कपाळाला हात लावावा तेच कळेना. बहुतेक पाट्यांवर असं होतं : "शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. मुंगी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवणे." दुसऱ्या दिवशी पुरात वाहून गेलेल्या गावाचा धडा दिला. कृष्णाकाठची पोरं, पूर काय असतो ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती. तरी पाट्यांवर तेच. गाव खुशाल आहे. एकानं तर पूरही खुशाल असल्याचं कळवलं होतं.

मी चिडलो, पण मग विचारत गेलो तेव्हा उलगडा झाला. शाळेबाहेर या पोरांचं लिहिणं एकच होतं, ते म्हणजे लढाईवरच्या माणसाला पत्र. घरात लिहिता येणारं माणूस म्हणजे हेच आठ-नऊ वर्षांचं पोर. आजा सांगणार, पोर लिहिणार. आणि त्या पत्रांचा गावात एक कायदा होता. तो कुणी केला नव्हता आणि कुणी मोडत नव्हतं. लढाईवरच्या माणसाला वाईट लिहायचं नाही. त्याच्या हातात बंदूक आहे, त्याचं मन इकडं ओढू नये. म्हैस मेली तर म्हैस खुशाल. घर जळालं तर घर खुशाल. वर्गातल्या एका पोराची आजी वारून वर्ष उलटून गेलं होतं, तरी त्याच्या पत्रातून चुलत्याला तिचा आशीर्वाद जात होता. लिहिणं म्हणजे खुशाली, अशीच त्यांची समजूत. मग मुंगीबद्दल लिहायला सांगितल्यावर ती दुसरं काय लिहिणार?

या पोरांत हौसा होती. किडकिडीत, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं जवळजवळ नाहीच. तिचा बाप मलायात होता आणि तिकडं आपली फौज शत्रूच्या हाती गेल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. सरकारातून 'पत्ता लागत नाही' एवढंच आलं होतं. तो मेला असं कुणी म्हणत नव्हतं, आहे असंही कुणाला म्हणवत नव्हतं. घरात ती, तिची आई आणि तिचा आजा, ज्याला सगळं गाव आप्पा म्हणे. पलूसहून टपालवाला येण्याच्या सुमाराला तिची आई हातातलं काम टाकून वेशीजवळ जाऊन उभी राही. टपालवाला तिच्याकडे न बघता पुढं जाई. मग ती घरी येई आणि कामाला लागे. हे रोजचं होतं. गाव ते बघायचं आणि बघितल्यासारखं करायचं नाही. आणि तरीही दर बाजारच्या दिवशी आप्पा हौसाला पुढं बसवून पत्र लिहून घेत. तीर्थरूप बाबांस, इकडे सर्व खुशाल आहे.

पोरीला पुढं शिकवायची आप्पांची फारशी इच्छा नव्हती. पण बापानं शेवटच्या रजेत पोरीला चौथी करा म्हणून सांगितलं होतं, आणि त्या शब्दाला आप्पा बांधलेले होते. मी एकदा चुलाणावर गेलो होतो. मोठ्या काहिलीत हळद शिजत होती, वर हळदीचाच पाला आणि ओलं पोतं झाकलेलं, आणि आप्पा लांब दांड्याच्या उलथन्याला रेलून उभे. तिथं त्यांनी मला सांगितलं की दिपोटीसाहेबांनी पास केली तर चौथीला बसवू, नापास झाली तर पोरगी मळ्यात. पलीकडं हौसाची आई गड्डे मोडत बसली होती. तिनं वर बघितलं नाही, पण तिचे हात थांबले होते ते मला दिसलं. तेव्हापासून त्या पोरीची चौथी हा माझ्या जिवाला घोर झाला.

वर्गात मी पोरांना पुन्हा पुन्हा समजावलं. एका दिवशी वैतागून म्हटलं, अरे, पत्र लांबच्या माणसाला लिहितात. मी काय ब्रह्मदेशात बसलोय का? मी इथं तुमच्यापुढं, तुमच्या घोंगड्यावर बसलोय. जवळच्या माणसाला खुशाली कशाला कळवायची? जवळच्याला खरं सांगायचं. पोरं हसली. मला वाटतं, त्यांना मी ब्रह्मदेशात बसलेला दिसलो असेन.

पण त्यानंतर पाट्यांवर काहीतरी उगवायला लागलं. एकानं लिहिलं, मुंगीला भूक लागली असंल, मला बी लागल्या. एकानं लिहिलं की पुराच्या धड्यात गुरांचं काय झालं ते सांगितलेलं नाही. तोडकंमोडकं, काना-मात्रा जागेवर नाही. मी त्या वेड्यावाकड्या ओळी वाचायचो आणि मला वाटायचं की आपल्या हातून जगात काहीतरी घडतंय. आता त्या दिवसांकडे बघताना त्या आनंदाचीच मला जास्त कीव येते. पाटीवरची ओळ ती! पुढचं गणित सांगितलं की पोर थुंकी लावी, हात फिरवी आणि पाटी हवेत हलवून वाळवी. माझ्या साऱ्या हंगामाचं पीक असं रोज पुसलं जात होतं.

मग वासराचा धडा आला. धडा छोटा होता. एक वासरू आईचं न ऐकता ओढ्यापलीकडं जातं. संध्याकाळ होते, गुरं परततात, वासरू येत नाही. गाय गोठ्याच्या दारात उभी राहून हंबरत राहते. एवढ्यावर धडा संपत होता आणि खाली छापलेलं होतं, तात्पर्य : वडीलधाऱ्यांचे ऐकावे. वासराचं पुढं काय झालं याची पुस्तक लिहिणाऱ्याला काही पडलेली नव्हती.

त्या दिवशी हौसानं पाटी इतरांबरोबर दिली नाही. सगळी पोरं पाणी प्यायला गेली तेव्हा ती आली आणि पाटी छातीशी धरून उभी राहिली. मग माझ्यापुढं केली. पाटीवर लिहिलं होतं :

"वासरू आलं न्हाई. गाईला ठावं हाय. तरी बी ती उभी हाय."

मी किती वेळ ती पाटी धरून बसलो मला सांगता येणार नाही. मास्तरानं काहीतरी बोलायचं असतं. बरोबर, छान, पुढं लिही. मी फक्त मान हलवली. तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, आणि मी वाचलंय अशी खात्री झाल्यावर पाटी परत घेतली, पुसली, हवेत हलवली आणि पाणी प्यायला पळाली. ती ओळ जगात फक्त मी वाचलेली आहे. मी गेलो की ती नव्हतीच असं होईल.

तपासणीचा दिवस ठरला तशी हेडमास्तरांनी सगळी शाळा एकत्र बसवली आणि तात्पर्यांचा घोष सुरू झाला. सारवण झालं, तोरणं लागली, पोरांना टोप्या घालून यायला सांगितलं. मला आतून काहीतरी पोखरत होतं. हौसानं खरं लिहिलं तर ती नापास होणार आणि मळ्यात जाणार. तात्पर्य लिहिलं तर पास होईल, चौथीला बसेल, पण मग तिच्या हातून ती ओळ पुन्हा निघेल का? मला तिची चौथी हवी होती आणि ती ओळही हवी होती. मी तिला काहीच सांगितलं नाही. काय सांगावं ते मला कळतच नव्हतं.

दिपोटीसाहेब टांग्यातून आले. भला माणूस, दमलेला, उन्हानं लाल झालेला. त्यांनी नेमका वासराचाच धडा वाचायला लावला आणि पाटीवर त्याविषयी लिहा म्हणाले. मी खांबाला टेकून उभा होतो. साहेब पाट्या बघत बघत हौसापाशी आले, तिची पाटी हातात घेतली आणि मोठ्यानं वाचली. "वडीलधाऱ्यांचे ऐकावे. वासरू घरी आले. वासरू खुशाल आहे." साहेब खूश झाले. पोरगी उत्तम लिहिते म्हणाले, वासराला घरी आणलंस हे बरं केलंस म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं. रागानं नाही, खरंच नाही. मला फक्त जाणून घ्यायचं होतं. त्या दिवशी तू वेगळं लिहिलं होतंस ना, असं विचारलं. तिनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली आणि एखाद्या लहान पोराला समजावून सांगावं तसं मला सांगितलं.

"सायब लांबचा हाय न्हवं, मास्तर. लांबच्या मान्साला खुशालीच लिवायची असती."

ते माझंच बोलणं तिनं मला परत दिलं होतं, आणि त्यात एक अक्षर चुकलेलं नव्हतं.

ती पास झाली. आप्पा संध्याकाळी गुळाची ढेप घेऊन माझ्या खोलीवर आले. इतके आनंदलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. मी चौथीचं बोललो तेव्हा ते गोंधळले. त्यांच्या मते ते आता संपलं होतं. "आवं मास्तर, सायबच म्हनला उत्तम लिवती. मग आता काय शिकायचं ऱ्हायलं?" मी खूप बोललो. तिच्या बापाचा शब्द काढला. तेव्हा त्यांचा चेहरा पडला. घरात बाप्या माणूस नाही, सून सगळा वेळ वेशीकडं डोळे लावून, माझी कंबर गेलेली, असं ते हळूच म्हणाले. आणि पत्र लिहायला पोरगी घरातच लागते. पत्र तर घातलंच पाहिजे, त्यात खंड पडला तर त्याला काय वाटेल, असंही म्हणाले. त्या माणसावर मला रागावताही येईना.

जूनमध्ये चौथीच्या वर्गात ती नव्हती. मी नव्या तिसरीला पुन्हा मुंग्यांचा धडा दिला आणि पाट्यांवर पुन्हा मुंगी खुशाल असल्याचं वाचलं. मी आधीच्या हंगामासारखा त्यांच्या मागं लागलो नाही. लागावंसंच वाटलं नाही.

लढाई संपली. माणसं एकेक करून परत आली, काही धडधाकट, काही काठीवर. गावात हलग्या वाजल्या. हौसाची आई प्रत्येक हलगीच्या आवाजाला वेशीपर्यंत येत होती असं मला नंतर कळलं. मी ते बघितलं नाही, कारण तोवर माझी बदली साताऱ्याच्या बाजूला झाली होती. स्वराज्य आलं. हौसाचं लग्न फलटणकडं करून दिल्याचं उडत उडत कानावर आलं. एकदा सुट्टीत सांगलीला आलो असताना हळदीच्या बाजारात त्या गावचा एक गाडीवान भेटला. त्याच्याकडून कळलं की हौसाची आई नुकत्याच सरलेल्या पौषात गेली. वेशीपाशीच बसलेली होती. टपालवाल्यानंच आधी बघितलं. हौसा येईपर्यंत थांबले होते, आणि तिनंच आईच्या तोंडात पाणी घातलं म्हणे. मी पोत्यांच्या त्या पिवळ्या धुळीत उभा राहून रडलो. गाडीवानाला वाटलं हळद डोळ्यात गेली, आणि त्यानं मला पाणी आणून दिलं.

शेजारची पोरगी आज सकाळी पुन्हा आली होती. वहीवर बाईंनी लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं होतं, ते दाखवायला. ती खरोखर आनंदात होती. ती गोष्ट कसली होती, असं मी विचारलं. एका चिमणीचं घरटं वाऱ्यानं पडतं त्याची होती, असं ती म्हणाली, आणि वही घेऊन उड्या मारत गेली. ज्या बाई वही तपासतात त्या लांबच्या आहेत, आई स्वयंपाकात आहे, बाप कुपवाडला आहे, आणि मी तरी तिचा कोण? माझ्याजवळ येऊन खरं सांगावं इतका जवळचा मी तिला वाटत नाही. आयुष्यभर मास्तरकी करून मी कुणाकुणाला जवळचा वाटलो याचा हिशोब न मांडलेलाच बरा.

गाडीवान भेटला त्यानंतर थोड्याच दिवसांत, मी साताऱ्याकडच्या शाळेत परत गेलो तेव्हा, मला एक पोस्टकार्ड आलं. पत्ता कुणाकडून मिळवला होता देव जाणे. हौसाचं अक्षर मी लगेच ओळखलं. शेवटच्या अक्षराची शेपटी ती पहिल्यापासून खाली ओढायची. मी घाईनं वाचायला लागलो. माझ्या मनात एक आशा होती, ती आता सांगायलाही लाज वाटते. मला वाटलं, ही पोरगी मला खरं लिहील. एकदा लिहिलं होतं.

"तीर्थस्वरूप गुरुजींस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडे सर्व खुशाल आहे. आई खुशाल आहे. आईने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. तुमची खुशाली कळवणे."

मी पोस्टकार्ड उलटून बघितलं. मागं फक्त पत्ता होता. बाहेर माझी नवी तिसरी पाढे म्हणत होती. मी टेबलाशी बसलो, कोरं कार्ड घेतलं, आणि इकडे सर्व खुशाल असल्याचं लिहून खाली तिच्या आईला नमस्कार लिहिला.